शंभूचं जावळ आणि आमचे दाजी

बाप सगळेच होतात. पण आख्ख्या लातूर शहरात आमच्या दाजींइतका जीव तोडून बाप झालेला दुसरा माणूस नसेल, हे मी लिहून द्यायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई रेणापूरकडच्या एका शाळेत शिकवते, सकाळी सातची बस धरते. दाजी घरी बसून लोकांच्या बांधकामांचे नकाशे काढतात. त्यामुळे शंभू झाला तेव्हा पोर कुणी सांभाळायचं हा प्रश्नच आला नाही. माझी आई हौसेनं दोन महिने राहायला म्हणून गेली आणि आठव्या दिवशी नांदेडला परत आली. "मला पोराला हातच लावू देत न्हाईत," म्हणाली आणि पिशवी आपटून आत गेली.

शंभू रांगायला लागला तसे दाजीही रांगायला लागले. त्याच्या उंचीवरून घर कसं दिसतं ते बघायचं होतं म्हणे. मी एकदा गेलो तर दाजींचा आवाज पलंगाखालून आला, "बसा पाव्हणं, आम्ही इथं हाव." चहाही त्यांनी तिथंच घेतला. कामाला बसले की पोर मांडीवर आणि पोराच्या हातात रंगीत खडू. मुरुडच्या एका गिऱ्हाइकाला असाच नकाशा गेला. तो भला माणूस दुसऱ्या दिवशी बस करून लातूरला आला. "सायेब, समदं झ्याक हाय. पण देवघराच्या बाजूला ह्ये मांजर काढलंय, त्याला जागा किती सोडायची?" दाजी जराही न लाजता म्हणाले, "दोन बाय दोन लई झालं." मग शंभूची पापी घेतली आणि नवा कागद काढला.

लातुरात नळ आठ-आठ दिवसांनी येतो. त्या दिवशी घरोघरी नुसती धावपळ. दाजींच्या घरी मात्र जत्रा. नवं पाणी यायच्या आधी जुनं ओतून द्यायचं असतं, तेवढ्या वेळात शंभू हंड्या-टिपाडांतून कागदाच्या नावा सोडून घ्यायचा. दाजी गुडघाभर ओले होऊन त्याला नावा करून द्यायचे. ताई करवादली की म्हणायचे, "फेकायचंच पाणी हाय, त्याला प्रवास करू द्या की!"

पण दाजींचा खरा जीव होता शंभूच्या जावळात. ताईची बस निघाली की पोर भोकाड पसरायचं. एकदा दाजींनी त्याला पुढ्यात घेऊन डोक्याला तेल लावलं आणि ते गप्प झालं. तेव्हापासून रोज उंबऱ्यावर तासभर हा कार्यक्रम. तेल, फणी, दोन वेण्या, वर रिबिनी. गल्लीतल्या बायका वेण्यांचे प्रकार त्यांना विचारून जायच्या. बाजारात कुणी म्हणालं, "पोरगी गोड हाय," तर दाजी खुशाल "हाव" म्हणून पुढं जात.

आमच्यात जावळ विषम वर्षी काढतात. माहूरला, देवीपुढं, मामाच्या मांडीवर. मामा म्हणजे अस्मादिक. पहिल्या वर्षी ऐन वेळी ताप आला, पोराला नव्हे, दाजींना. दुसरं वर्ष सम, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नव्हती. ते वर्षभर दाजी रजेवर असल्यासारखे खुशीत होते. तिसरं सरत आलं तशी दाजींची कुरकुर सुरू झाली. "पाचव्यात करू की!" ताई कडाडली, "पाचव्यात काय, लग्नाच्याच मांडवात काढा!" शेवटी मीच जाऊन तिघांना नांदेडला घेऊन आलो.

माहूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी दाजी माझ्याजवळ येऊन बसले. "पाव्हणं, ह्यो माझ्यापुढं केसांपायी बसतो. केसच न्हाईत, तर कशाला बसंल?" मी हसलो. हसायला नको होतं, हे त्यांचं तोंड बघून कळलं.

माहूरला शंभू माझ्या मांडीवर पेढा खात निवांत बसला. घाम फुटला होता तो दाजींना. "हळू, हळू," असं ते इतक्यांदा म्हणाले, की न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, "सायेब, आधी तुमचीच करू का?" जावळ झेलायचा मान आत्याचा, पण त्यासाठी मुद्दाम आलेल्या सख्ख्या बहिणीला बाजूला सारून दाजींनी स्वतःचा टॉवेल पसरला. गोटा झालेल्या शंभूनं डोक्यावरून हात फिरवला आणि तो खदखदून हसला. दाजी टॉवेलाची घडी घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला मी उठलो तर दाजी ओट्यावर तेलाची बाटली घेऊन बसलेले. शंभू उठला, समोरच्या पोरांचा गलका ऐकला आणि दाजींच्या शेजारून, वळूनही न बघता, सुसाट रस्त्यापलीकडे पळाला. दाजींनी हाक मारली नाही. बाटलीचं टोपण नुसतं उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

मला राहवलं नाही. चाळिशीला टेकलेला मी, निम्मं टक्कल पडलेला, जाऊन त्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसलो. "दाजी, जरा लावा बरं." त्यांनी तळहातावर तेल ओतलं आणि चोळायला लागले, अगदी हलक्या हातानं. समोर शंभूचा आरडाओरडा चालू होता. मागे दाजींचा श्वास अडकत होता. मी मान वळवायला लागलो तशी त्यांनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं.

"मागं बघू नका पाव्हणं," ते म्हणाले, "भांग वाकडा होतो."

मी बघितलं नाही.