साठ ग्रॅमची पुडी

या ग्रुपवरचे सगळ्यांचे अनुभव मी वाचतो, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात हसतो. स्वभावच तसा. नाशिकला आडगावच्या पुढे हायवेला माझं व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. मशीनच्या स्क्रीनवर दिसतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा... असं मानणारा मी माणूस. दुकानाला लिंबू-मिरचीसुद्धा बांधू देत नाही, त्यावरून बायकोशी खटके उडतात. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास एक जुनी पांढरी छोटी कार आली. चालवणारा पंचविशीतला मुलगा, नाव महेश म्हणू. सटाण्याजवळच्या नामपूरचा. कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला, म्हणून नामपूर-लासलगाव-नाशिक अशा सतत चकरा.

"दादा, ऐंशीला गेली का स्टेअरिंग थरथरस," तो म्हणाला. "दोनदा अलाइनमेंट केली, काही फरक नाय."

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. स्टेअरिंग थरथरलं की जो तो अलाइनमेंट करायला पळतो. अरे बाबांनो, गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. ठरावीक स्पीडलाच थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग बघायचं. ते त्याला चांगलं सुनावलं आणि विचारलं, ब्रेक मारल्यावर थरथर वाढते का? नाही म्हणाला. म्हणजे ब्रेकची डिस्क ठीक. पंचाहत्तरला?

"पंचाहत्तरला काहीच नाय. काटा ऐंशीवर गेला का लगेच. मग भ्या वाटतं, पाय काढून घेतो."

तो समोरच्या टपरीवर चहाला गेला आणि मी गाडी लिफ्टवर घेतली. टायरला फुगा नाही, रिम सरळ, टाय रॉड, बॉल जॉइंट सगळं टाइट. पुढचं डावं चाक मशीनवर चढवून फिरवलं — साठ ग्रॅमचा फरक, म्हणजे चाकाची एक बाजू तेवढी जड. एवढा सहसा येत नाही. जड बाजू कुठे आहे ते बघितलं, तर व्हीलकॅपखाली रिमच्या भोकांतून ओवलेला एक काळा दोरा, आणि त्याला मातीने माखलेली, बोटाच्या पेराएवढी कापडी पुडी. आधी मला चिखलाचा गोळाच वाटला होता. काढून उघडली तर आत चिमूटभर अंगारा.

हसलोच मी. चाक परत फिरवलं — शून्य.

मग हसू थांबलं, कारण पुडी तळहातावर घेतली तर वजनच लागेना. आमच्याकडे बॅलन्सिंगला चाकावर लावायचा शिशाचा सगळ्यात छोटा तुकडा पाच ग्रॅमचा असतो, त्याहून हलकी. मशीन बिघडलं असं वाटून त्याचं सेटिंग नव्याने केलं. पुडी टेपने त्याच जागी चिकटवली, फिरवलं — साठ. काढली — शून्य. माझ्या स्वतःच्या गाडीच्या स्टेपनीला लावून बघितली, तर काही फरक नाही. पुन्हा त्याच्या चाकाला... साठ. चार वेळा केलं.

शेवटी स्वतःवरच चिडलो. कामं खोळंबली होती. पुडी भंगाराच्या ड्रममध्ये टाकली, चाक बसवलं आणि महेशला सांगितलं, "रिममध्ये चिखल अडकला होता." पुडीचं बोललो नाही. म्हटलं, हा परत बांधा म्हणायचा.

दोघं ओझरच्या दिशेने ट्रायलला गेलो. ऐंशी, नव्वद, शंभर. स्टेअरिंग एकदम शांत. पोरगा इतका खूश की शंभरला असताना एका हाताने चालवून दाखवायला लागला. "आता मजा येईल, दादा," म्हणाला. मी पण खूश. काम चोख झालं की होतोच.

अठराव्या दिवशी एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या, पायात साध्या चपला, एसटीने आलेल्या. महेशची मोठी बहीण. आई-वडील लवकर गेले, तिनेच त्याला वाढवलेलं. सटाण्याच्या रस्त्याला एका वळणावर त्याची गाडी झाडावर गेली होती. जागेवरच संपला. मागून येणारे म्हणाले, फार स्पीड होता. गाडीच्या काचेवर माझ्या दुकानाचं स्टिकर होतं, त्यावरून शोधत आल्या.

मला वाटलं भांडायला आल्यात. पण आवाज अगदी हळू.

"भाऊ, त्याला पळवायची लय सवय. ऐकायचा नाय. म्हनून मी डाव्या चाकाला अंगारा बांधला व्हता, त्याला न सांगता. देवीला म्हटलं, ऐंशीच्या पुढं जाऊ देऊ नको, बाकी काय मागत नाय." मग विचारलं, "तुम्ही चाक खोललं तवा व्हता का तो?"

काटा ऐंशीवर गेला की थरथर सुरू व्हायची, हे त्यांना महेशने कधी सांगितलेलंच नव्हतं. मी आधी तेच विचारून घेतलं.

मी म्हणालो, "नाही ताई. आमच्याकडे आली तेव्हा काही नव्हतं चाकाला."

त्या स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे वाटेतच पडला. माझीच गाठ ढिली ऱ्हायली." पाणी दिलं, ते न पिता गेल्या.

चिमूटभर राखेचे साठ ग्रॅम कसे झाले, मला आजही माहीत नाही. ओळखीच्या दोन इंजिनिअरना विचारलं, ते म्हणाले मशीन बिघडलं असेल. असेल. त्याच मशीनवर रोज गाड्या करतोय, एकही परत आलेली नाही. ते कोडं सुटलं नाही तरी चालेल मला. नामपूरला जाऊन एवढंच सांगायचंय, आणि सहा वेळा सटाण्यापर्यंत जाऊन परत आलोय... की ताई, गाठ ढिली नव्हती. मला ती सुटलीच नाही, ब्लेडने कापावी लागली.