मेहेंदळे काकांचं गच्चीचं दार

दिगंबर मेहेंदळे माणूस वाईट नव्हता, असं त्यांच्या बिल्डिंगमधले लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना काही मेहेंदळ्यांना दार विकायचं नव्हतं. मला होतं. विश्रांतवाडीला माझं अ‍ॅल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचं वर्कशॉप आहे. आजोबांची ज्वारी जिथं उभी राहायची तिथं आता सहा इमारती उभ्या आहेत, आणि त्यातल्या चारांच्या खिडक्या मी बसवल्यात. तेव्हा गिऱ्हाईक काय चीज असते हे मला कुणी शिकवू नये.

काका सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. सरकारी हिशेब तपासण्यात सगळी नोकरी गेली, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतला. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, घरातसुद्धा शर्टाच्या खिशाला लाल पेन. बायको श्यामलाकाकू, मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. २०१२च्या गणपतीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

त्यांच्या बाहेरच्या खोलीला लागून गच्ची होती. गच्चीत काकूंच्या चाळीस कुंड्या, कोपऱ्यात जाईचा वेल. आणि मधे ते दार. जुनं, लाकडी, दोन झडपांचं. खालून पार कुजलेलं. एक झडप खिळे मारून कायमची बंद, दुसरी फुगून जेमतेम हातभर उघडायची. काका अंग चोरून बाहेर जायचे आणि पाणी घालायचे. काकू आतून खिडकीशी बसून सांगायच्या, कुठल्या कुंडीला किती. खुर्ची काही त्या फटीतून जात नव्हती. काकूंना जगाकडून एवढंच हवं होतं, की पुन्हा एकदा त्या जाईपाशी जाऊन बसावं. नवं दार म्हणजे तेवढंच.

२०१२च्या दिवाळीनंतर मला पहिल्यांदा बोलावलं. पेठेत स्कूटर लावायला जागा नाही, म्हणून लांब लावून चालत गेलो, तीन जिने चढलो. काकांनी आधी चपला काढायला लावल्या, मग त्या जिन्यात नीट जोडीनं ठेवायला लावल्या. पाणी विचारलं नाही. मापं घेतली, भाव सांगितला, तर म्हणाले, "तोंडी नको. लेखी आणून द्या." आठ दिवसांनी लेखी घेऊन गेलो. माझ्यासमोर चष्मा लावून वाचलं, लाल पेनानं शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या आणि कागद परत दिला. "दुरुस्त करून आणा. आणि हो, या वर्षी तरतूद नाहीये. पण दर कळलेला बरा."

तरतूद नाही म्हणजे पैसे नाहीत असं नव्हे हं! पेन्शन दोघांची होती, बँकेत ठेवी होत्या. पण दारासाठी म्हणून जी ठेव त्यांनी नेमून दिली होती तिची मुदत २०१४च्या चैत्रात संपत होती. मी म्हटलं, मोडा की काका, अर्धा-एक टक्का व्याज जाईल फार तर. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना देवघरातला बाळकृष्ण विकायला सांगितला. "मुदतीआधी ठेव मोडणाऱ्या घरांचं काय होतं ते मी पाहिलंय," म्हणाले. काकू खिडकीशी बसून ऐकत होत्या.

तर दीड वर्षं ती बाई खिडकीशी बसली. या दीड वर्षात काकांनी सात जणांकडून भाव मागवले. त्यांचा तक्ता केला. मला पाच वेळा जिने चढायला लावलं, दर वेळी दुसऱ्या कुणाचा तरी आकडा तोंडावर फेकून. अॅल्युमिनियमचा भाव वाढला तेव्हा तरतूद कमी पडू लागली, मग काकांनी ती भरून कशी काढली? काकूंचे हात-पाय हलवून व्यायाम करून घ्यायला मंदाकिनी नावाची बाई रोज यायची, ती आठवड्यातून दोनदा केली. "दारासाठीच करतोय ना, श्यामला, तुझ्यासाठीच," असं माझ्या देखत सांगितलं त्यांनी. काकूंच्या मांडीवरचा डावा हात तेव्हा मिटलेला होता, तो पुढे उघडलाच नाही.

शेवटी २०१४च्या एप्रिलात निरोप आला, या. काम मलाच मिळालं होतं. का, तर सातात मी सगळ्यात स्वस्त.

टेबलावर तक्ता पसरलेला. माझे दोन भाव होते. एक सरकत्या दाराचा, आपण स्लायडिंग म्हणतो तो. दुसरा बाहेर उघडणाऱ्या दोन झडपांचा, साडेपाच हजारांनी जास्त. काकांनी लाल पेनानं दुसरा खोडला. "तरतुदीबाहेर जातंय. सरकतं करा."

आता इथं नीट ऐका. सरकत्या दाराची एक झडप दुसरीमागे जाते. म्हणजे दार कितीही रुंद असो, वाट मिळते ती अर्धीच. काकांचं दार चोपन्न इंच. चौकट, पट्ट्या वजा जाता वाट उरणार चोवीस. आणि काकूंची खुर्ची समोरच उभी होती. मला टेप लावायची गरज नव्हती, वीस वर्षं हेच करतोय. चाकाच्या बाहेरच्या कड्यापासून कड्यापर्यंत साडेपंचवीस इंच. दीड इंचानं खुर्ची अडकणार.

मी तोंड उघडलं होतं, आईशप्पथ. "काका, पण ती खुर्ची..." एवढं म्हणालोसुद्धा.

काकांनी हात वर केला. "अहो मच्छिंद्र, तुम्ही आणखी साडेपाच हजार काढायला बघताय हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. सल्ल्याचे पैसे मी देत नाही आणि फुकटचा सल्ला मी घेत नाही. दार विचारलंय, दाराचं बोला."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. पाच वेळचे तीन जिने, जोडीनं ठेवलेल्या चपला, लाल पेन, सगळं एकदम वर आलं. म्हटलं, ठीक आहे. घ्या दार. कागदावर लिहिलं, 'सरकते दार, ग्राहकाच्या पसंतीनुसार', आणि खाली त्यांची सही घेतली. त्यांनी तारखेसकट केली. शुद्धलेखन बरोबर होतं या वेळी.

मी निघालो तेव्हा काकूंनी हाक मारली. जड जिभेनं एकेक शब्द ढकलत त्यांनी विचारलं, "पूर्ण... उघडेल ना हो?"

काय सांगायला हवं होतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. मी म्हणालो, "काकू, असं दार आहे, एका बोटानं सरकेल." खोटं नव्हतं ते. त्या हसल्या. अर्धाच चेहरा हसायचा त्यांचा. म्हणाल्या, "जाईला कळ्या... धरल्यात."

अक्षय्य तृतीयेला दार बसवलं. मुहूर्त काकांचा. मी आणि माझा जोडीदार संभाजी, दोघांनी जुनं लाकूड उपटलं, चौकट बसवली, झडपा चढवल्या, दुपारी चारला काम संपलं. काकूंना मंदाकिनीबाईंनी नवी साडी नेसवली होती, केसांत गजरा माळला होता. काकांनी एका बोटानं दार सरकवलं आणि माझ्याकडे बघून चक्क हसले. "दर्जा आहे हं!" दोन वर्षांत पहिला चांगला शब्द. मग खुर्चीमागे गेले आणि ढकलली.

खट् करून दोन्ही चाकं चौकटीला बसली.

काकांना वाटलं, तिरकी गेली. मागे घेतली, सरळ केली, पुन्हा ढकलली. खट्. तिसऱ्यांदा जोरात. काकू पुढे हिंदकळल्या, गजरा कानावर आला. काकांनी खिशातून स्वतःची टेप काढली, वाट मोजली, खुर्ची मोजली, पुन्हा वाट मोजली. मी तोवर खिशातून सही असलेला कागद काढून हातात तयार ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि आत जाऊन उरलेले पैसे आणून दिले. मी नोटा मोजल्या. हो, मोजल्या.

काकूंनी उजवा हात दारातून बाहेर काढला होता. हाताला ऊन लागत होतं. थोडा वेळ तसाच ठेवला, मग आत घेतला. "लावा ते," म्हणाल्या, "वारा लागतोय."

जिना उतरताना संभाजी म्हणाला, "दादा, वाईट झालं." मी म्हटलं, "चांगली खोड मोडली थेरड्याची." घरी जाऊन हाच किस्सा रंगवून सांगितला. माझी आई सोजरबाई भाकरी थापत होती. ऐकून तिनं हातातलं पीठ परातीत टाकलं. "आन् तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं हुतं, मुडद्या? म्हाताऱ्याची खोड मोडाया गेला आन् ती लुळी बाई कापलीस व्हय रं? दोघं दांडगं बाप्ये हुतासा, उचलून न्हिऊन बसवायची घटकाभर!" मी म्हटलं, आई, तुला धंद्यातलं कळत नाही. पूर्ण गोष्ट तर मी तिलाही सांगितली नव्हती.

काकांनी नवा तक्ता करायला घेतला होता म्हणे, पुढच्या ठेवीच्या मुदतीवर. श्रावणात काकू गेल्या.

दसऱ्यानंतर काकांचा फोन आला. दार अडकतंय, येता का. गेलो. चपला सवयीनं जोडीनं ठेवल्या. काका वाळले होते, खिशाला पेन नव्हतं. खुर्ची कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली. गच्चीत जाईची वाळकी पानं उडून दार सरकतं त्या खालच्या पट्टीत भरली होती, म्हणून झडपांची चाकं अडकत होती. एवढंच काम.

मी नेहमीसारखा कामाला लागलो. पट्टी साफ करायची तर झडपा काढाव्या लागतात. वरचे दोन स्क्रू सैल केले, झडप वर उचलली, खालून आत ओढली, भिंतीला टेकवली. मग दुसरी. दोन मिनिटांत सगळं दार मोकळं. आख्खी चार फुटांची वाट, पलीकडे गच्ची, ऊन थेट खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत आलेलं.

मागे काकांचा आवाज आला. "हे... निघतं?"

माझा हात थांबला. "निघतं."

"त्या दिवशीही निघालं असतं?"

"असतं."

"तुम्हाला ठाऊक होतं."

माझ्या जिभेवर आलं, आणि आलं ते बाहेरही पडलं, वीस वर्षांची सवय, "तुम्ही कुठं विचारलंत?"

काका त्या मोकळ्या वाटेपाशी येऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरून त्यांनी चौकटीला टेकवले, इकडचा इकडे, तिकडचा तिकडे, जणू मापच घेत होते.  मग पाकीट काढलं.

"कामाचे किती?"

"दीडशे."

त्यांनी दीडशे माझ्या हातावर ठेवले. पाकीट मिटलं नाही. वर बघून, अगदी हळू आवाजात, तक्रार नाही, टोमणा नाही, खरंच विचारावं तसं विचारलं, "आणि सल्ल्याचे?"

मी पाठ वळवली. झडपा परत चढवायला घेतल्या. दोन मिनिटांचं काम, मला अर्धा तास लागला. तेवढा वेळ काका पाकीट उघडं धरून माझ्यामागे उभे होते.