डाव्या पेडलचे उलटे आटे

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरातलं आमचं तिसरं वर्ष. सासूबाई नागपूरहून उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या आणि रविवारी आम्ही चौघांनी रेडवेवरून, म्हणजे इथल्या चालण्या-सायकलींसाठीच्या वेगळ्या वाटेवरून, सायकलींनी तळ्यापर्यंत जायचं ठरलं होतं. तळं जवळच होतं, सासूबाई चालत येणार होत्या.

शनिवारी दुपारी गराजसमोर सायकली काढल्या. नवरा धाकटीच्या सायकलीचे स्टॅबिलायझर, म्हणजे मागची आधाराची छोटी चाकं, काढायला बसला. थोरली आठ वर्षांची. तिची सायकल माझ्या वाट्याला आली. शेजाऱ्यांच्या मुलीला लहान झालेली, हिवाळाभर शेडमध्ये पडून राहिलेली. मी हवा भरली, ब्रेकची तार ताणली, चेनला तेल घातलं. थोरली एक चक्कर मारून आली.

"आई, माझा सायकल टकटक करतो."

"माझी सायकल टकटक करते," सासूबाई दारातूनच म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बाहेर बसल्या.

सायकल उलटी ठेवून मी हाताने पेडल फिरवलं. काही नाही. मडगार्ड घट्ट केलं, घंटी काढून पाहिली. थोरली बसली की पुन्हा टक्. रिकामी असताना गप्प राहणाऱ्या या सायकलीला नेमकं काय होतंय, ते मला कळेना.

"चाकाचा नाद सोड," सासूबाई म्हणाल्या. त्या जन्मात कधी सायकलवर बसल्या नव्हत्या. "चाक भराभर फिरतंय, आवाज सावकाश येतोय. तिला जरा माझ्यासमोरून ने-आण करू दे."

थोरलीने पाच-सहा फेऱ्या मारल्या. सासूबाईंनी आधी डोळे मिटून ऐकलं, मग नुसते तिचे पाय पाहिले.

"डावा पाय खाली गेला की येतो. ते पेडल बघ."

मी पाना लावून जोर केला. हलेना. नवऱ्याने येऊन सगळं अंग त्यावर टाकलं, तरी नाही.

"उलटं फिरवून बघा ना," सासूबाई म्हणाल्या. "टेबल-फॅन धुवायला काढताना पात्याची चकती नाही का, उलटी फिरवावी लागते?"

उलटं फिरवलं आणि पेडल सुटलं. आट्यांत गंज आणि माती गच्च बसली होती. जुन्या टूथब्रशने ते घासले, ग्रीस लावलं, परत बसवलं. थोरली कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. आवाज गेला होता.

"पण डावीकडचेच आटे उलटे का?" सासूबाईंनी विचारलं.

मी इंजिनिअर, पण सॉफ्टवेअरची. एक स्क्रू हातात घेऊन आम्ही दोघी अर्धा तास बसलो. कसाही विचार केला तरी उत्तर एकच निघे: पेडल मारता मारता ते आपोआप सुटायला हवं!

"म्हणजे आपल्या हिशोबाने ही पोर उद्या रस्त्यात पेडल सांडणार," सासूबाई म्हणाल्या, आणि आम्हाला दोघींनाही हसू आलं. तरी रात्री झोपताना मी मनात स्क्रू फिरवत होते.

रविवारी आम्ही तळ्यावर पोचलो. थोड्या वेळाने सासूबाईही आल्या. बाकावर एक वयस्कर इंग्लिश जोडपं बसलं होतं, शेजारी दोघांनी मिळून चालवायची टँडेम सायकल.

"त्यांना विचार," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, ओळख ना पाळख..."

"म्हणून तर विचारायचं."

मी विचारलं. ते गृहस्थ एकदम खुलले. शब्दकोडं सोडवायची पेन्सिल त्यांनी मुठीत सैलसर धरली आणि दुसऱ्या हाताने तिचं टोक गोल फिरवलं. टोक एका दिशेने फिरत होतं आणि मुठीतली पेन्सिल स्वतःभोवती बरोबर उलट दिशेने! पेडलही ज्या दांड्याला जोडलेलं असतं त्यात असंच किंचित लोळतं आणि त्या लोळण्याने डावीकडचे उलटे आटे सुटण्याऐवजी घट्टच होतात, ते म्हणाले. आम्ही फक्त पायाचं फिरणं धरलं होतं, हे लोळणं आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सासूबाईंनी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि तीन-चारदा स्वतः करून पाहिलं. मग ती परत देत मला म्हणाल्या, "आता हे विचार, या लांब सायकलीवर मागे बसणारा खरंच पेडल मारतो का?"

मी तेही विचारलं. त्या गृहस्थांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या बायकोनेच उत्तर दिलं.

"मागे मी बसते," त्या म्हणाल्या. "सगळं पेडल मीच मारते."