शोभाताईंचा जुना कोड

शोभाताई स्वतः लिहिलेला संगणकाचा जुना कोड मोठ्यानं वाचायच्या आणि मध्येच त्याला शिव्या घालायच्या. "कुण्या बावळटानं लिहिलं हे?" मग चष्मा सावरून, "मीच व्हय ती," म्हणत खुदकन हसायच्या.

तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या बाई, राहायला उस्मानपुऱ्यात. पोरांना मराठीतच प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून त्यांनी संगणकावर एक साधन घडवलं होतं. कुणीही उघडून पाहावं, सुधारावं, फुकट वापरावं. खेड्यापाड्यांतल्या शाळा ते वापरायच्या. पण त्याचा गाभा, म्हणजे ताईंनी लिहिलेला मूळ कोड, जुना झाला, नव्या मोबाइलवर चालेना. तो काढून नवा बसवायचं काम त्यांची जुनी विद्यार्थिनी म्हणून माझ्या गळ्यात पडलं, आणि नेमका तेव्हाच ताईंना कॅन्सर निघाला. माझा हातच चालेना. आजारी माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचं आयुष्यभराचं काम पुसायचं, ही काय चेष्टा आहे?

"थांबू नको," त्या म्हणाल्या. "माझ्या हयातीतच काढ. अडलं तर विचारायला मी हाय तवर."

मग मुकुंदवाडीहून माझ्या रोजच्या खेपा सुरू झाल्या. एकदा एका शाळकरी मुलीचा जुना प्रोग्रॅम माझ्या नव्या कोडवर अडला. तिनं लिहिलं होतं, ‘उत्तर बरोबर नाय तर परत विचार.’ माझ्या कोडला फक्त ‘नाही’ ठाऊक.

"चूक दाखवू दे की," मी म्हणाले. "पोरगी शुद्ध लिहायला शिकेल."

ताई एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "तिची माय नाय म्हणती, मी नाय म्हणती, तू बी भांडताना नायच म्हणतीस. मग चूक तिची कशी? कळंना तुझ्या कोडला. त्याला शिकव."

शिकवलं. वर ‘न्हाई’सुद्धा शिकवलं, तेव्हा कुठं बाईंनी मला चहा दिला.

शेवटी सगळं बदलून झालं. त्यांनी अगदी सुरुवातीला लिहिलेला एक छोटा तुकडा मात्र मी मुद्दाम ठेवला होता. त्यांनी तो बरोब्बर हेरला.

"ह्याचं काम काय?"

"काही नाही. तुमची आठवण म्हणून."

"मग काढ. आठवण तुझ्यापाशी ठिव, पोरांच्या वाटंत कशाला?"

मी काढला. बदलाला अखेरची मंजुरी त्यांचीच लागायची. उशीला टेकूनच त्यांनी बटण दाबून ती दिली. आता तिथं त्यांची एकही ओळ उरली नव्हती. त्यांना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. मला हुंदका आवरेना, तसं त्यांनी माझं डोकं जवळ ओढून घेतलं.

"रड आता," त्या म्हणाल्या. "काम झालं."