बोहनी कुणाच्या हातची

परीक्षा पास झाले, विमा कंपनीचं नेमणूकपत्र हातात पडलं, तरी मी एजंट नव्हते! आपण हिला नेमलंय हे कंपनीनं वरती नियामकाला कळवायचं, तिथल्या नोंदीत माझं नाव चढायचं, आणि तोवर मी एकही पॉलिसी विकायची नाही.

टोकरखाड्यातल्या आमच्या खोलीत ते दिवस अर्धवट झोपेतच गेले. दुपारी पंखा घरघरायचा, नवरा खडोलीला कारखान्यात पाळीवर, आणि मी मोबाइलवर नियामकाची साइट उघडून नुसती पडलेली. डोळा लागला की नाव दिसायचं. जागी झाले की नसायचं.

शेजारच्या जिजीला विमा हवा होता. धुळ्याकडची बाई, एकटीनं नात वाढवत होती. तुझी बोहनी मीच करणार, असं तिनं परस्पर ठरवून टाकलेलं. पण एक जूनला ती विम्याच्या वयात बसेनाशी होणार होती. तीसुद्धा खरी जन्मतारीख नव्हेच. शाळेत घालताना गुरुजी सगळ्यांनाच ठोकून द्यायचे ती!

ऑफिसात विचारलं की साहेब म्हणायचे, "भेज दिया है, हो जाएगा." असं करत मे सरत आला.

शेवटी मी म्हटलं, "जिजी, खालच्या भाऊंकडून काढ. ते जुने एजंट आहेत."

"नाही वं. तुझ्या हातची नसंल तर राहू दे."

माझं डोकंच फिरलं. "राहू दे काय? उद्या तुझं बरंवाईट झालं तर पोरीला कोण बघणार, तुझे गुरुजी?"

ती पदर सावरून उठली. मीच तिला खाली घेऊन गेले. ती सावकाश सही करत होती आणि मला इतकं वाईट वाटत होतं, की भाऊंच्या घरचा चहा मी तसाच ठेवला.

माझं नाव चढलं ते जून लागल्यावर. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण राग त्याहून जास्त आला.

पुढे पॉलिसीचे कागद आले तेव्हा जिजी ते घेऊन माझ्याकडेच आली. दुसरीत शाळा सुटलेली, तिला इंग्रजी कुठलं वाचता येणार! "वाच," म्हणाली आणि डोळे मिटून बसली. मी वाचत गेले. तिचं नाव, नातीचं नाव, रक्कम. मग एजंटच्या जागी भाऊंचं नाव आलं आणि मी अडखळले.

जिजीनं डोळे न उघडताच मोठ्यानं माझं नाव घेतलं.

"हं," म्हणाली, "पुढं वाच."