दामलेकाका आणि प्लॉटवरची हरकत

दामलेकाका कोणताही कागद शेवटच्या पानापासून वाचायचे. “पहिल्या पानावर सगळेच सभ्य असतात,” असं म्हणायचे. वाचून झालं की मजकुराखालच्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायचे, नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून. एकदा मंडळाच्या गणपतीची कार्यक्रमपत्रिका त्यांना तपासायला दिली, तर तिच्यावरही आरतीच्या खाली रेघ आली होती.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर, मुलीकडे राहायचे. सगळी नोकरी महाराष्ट्रात जमिनीच्या कचेऱ्यांत गेलेली. बाबा गेल्यावर भेटायला आले, तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी आईला विचारलं, “वहिनी, फरीदाबादच्या प्लॉटचे कागद कुठे आहेत?” अजून तेरावंही झालं नव्हतं. आईने मूळ खरेदीखत त्यांच्या हातात दिलं. त्या दिवसापासून तो माणूस मला आवडेनासा झाला.

सरकारी घर काही महिन्यांत सोडायचं होतं. बाबांच्या नावावरचा तो प्लॉट सोडला तर आमचं इथे काहीच नव्हतं. त्याची देखरेख फरीदाबादला राहणारे बाबांचे चुलतभाऊ, विलासकाका, करायचे. बाबांनी त्यांना मुखत्यारपत्र करून दिलं होतं. ते मला ‘बेटा’ म्हणायचे, मेट्रो स्टेशनवर घ्यायला यायचे. एक दिवस त्यांचा फोन आला.

“बेटा, गिऱ्हाईक तयार आहे, पण प्लॉटवर कुणीतरी हरकत नोंदवलीय. ती हटल्याशिवाय रजिस्ट्री होणार नाही. तुम्हा दोघींच्या सह्या लागतील. आणि ऐक, मूळ कागद कुणाकडे आहेत तेही बघ जरा.”

कागद कुणाकडे आहेत हे मला माहीत होतं.

पुढचे तीन महिने मी दामलेकाकांवर नजर ठेवली. विचारलं मात्र काहीच नाही. मला भांडता येत नाही. ते आणि आई बोलत असले आणि मी आले की विषय चहावर जायचा. जिन्यात भेटले की म्हणायचे, “सही नाही ना केलीस कुठे?” मी मान हलवायचे. मनात म्हणायचे, बिल्कुल नाही, पण तुम्हाला एवढी काळजी कशाची?

शेवटी नोएडातल्या ऑफिसमधून सुट्टी घेऊन मी एकटीच तहसिलीत गेले. हरकतीची प्रत मागितली. क्लार्क हसला. “मैडम, हटवानी किससे है? ये तो आपकी मम्मी की ही अर्ज़ी है.”

मालक मयत आहे, वारसांची नावं लागेपर्यंत कोणताही व्यवहार नोंदवू नये, असं लिहिलं होतं. खाली आईची सही. अक्षर दामलेकाकांचं.

घरी आले तर ते समोरच बसले होते. “तुम्ही आईला फसवून सही घेतलीत,” मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

“बस आधी. तुझे बाबा गेले, हे फरीदाबादच्या तहसिलीला कुणी कळवलं?”

आम्ही मृत्यूचा दाखला बँकेत दिला, पेन्शनला दिला, गॅसवाल्याला दिला. तहसिलीत द्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

“म्हणजे हा अर्ज जाईपर्यंत तिथे ते जिवंतच होते. माणूस गेला की मुखत्यारपत्र संपतं, मुक्ता. पण गेला हे तहसिलीला माहीतच नसेल तर विलास उद्या त्यावर प्लॉट विकून मोकळा.”

आई आतून म्हणाली, “मी वाचूनच सही केली गं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“मीच नको म्हटलं,” दामलेकाका म्हणाले. “तो तुला बेटा म्हणतो. तू सरळ त्याला फोन केला असतास.”

मी खरंच केला असता.

आम्ही वारसनोंदीचा अर्ज दिल्यावर विलासकाकांनी उलटा दावा केला, की बाबांनी प्लॉट त्यांना तोंडी देऊन टाकला होता. सुनावण्या लागल्या. क्लार्क दर वेळी म्हणायचा, हरकत आधी काढा, काम लवकर होईल. दामलेकाका ऐकायचे नाहीत. “आधी नाव, मग हरकत. उलटं केलं तर मधल्या एका दुपारीत प्लॉट जातो.” विलासकाकांकडे लेखी काहीच नव्हतं. आमची दोघींची नावं लागली, त्याचा उतारा हातात आला, तो दामलेकाकांनी दोनदा वाचला, आणि तिथेच बाकावर बसून हरकत काढायचा अर्ज लिहून आईपुढे सरकवला.

येताना कॅबमध्ये मी म्हटलं, “काका, मी तुमच्यावर संशय घेतला. सॉरी.”

“घेतलास ते बरंच केलंस. पण यार, तीन महिने एकाच जिन्यातून जा-ये करत होतो. एकदा विचारायचंस.” मग बाहेर बघत, “मीही सांगायला हवं होतं म्हणा.”

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्याशी मी नीट बोलले ते एवढं एकच वर्ष. त्याआधी मी नुसती त्यांच्याकडे बघत होते, आणि ते माझ्याकडे.