पत्र्याच्या कोंबड्याची मान

पत्रेवाले काका ठार बहिरे नव्हते, पण जवळपास तसेच. उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेला, पन्हळी, पिंपं, धुराडी. कानांचं मातेरं व्हायचंच. पण ते कबूल करतील तर काका कसले! गिऱ्हाइकापासून घरच्या बायकोपर्यंत सगळ्यांसाठी त्यांचा एकच उपाय. समोरच्याचे ओठ थांबले की मान डोलवायची. नंदीबैल परवडला.

काकू शाळेत शिपाई होत्या आणि भलत्या बोलक्या. आसपासच्या शाळा आणि वाचनालय मिळून दर वर्षी गोष्टींचा महोत्सव भरवायचे, तिथे त्यांची एक गोष्ट ठरलेली. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची काकांची. शेवटाकडे काकू थांबायच्या, काकांकडे बघायच्या, काका मान डोलवायचे आणि पोरं खदखदून हसायची. काकाही हसायचे. कशाला हसतोय याचा पत्ता नाही, पण आपल्यावाचून बायकोची गोष्ट पुरी होत नाही एवढं कळायचं. त्याचा त्यांना केवढा अभिमान!

यंदा काकू गेल्या. छातीचं दुखणं, थोडे दिवस दवाखाना, बस्स. शेवटच्या दुपारी त्यांनी काकांचा हात धरून काहीतरी विचारलं. आवाज कसला, नुसते ओठ हलले. काकांनी सवयीने मान डोलवली. काकूंनी हात सोडून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढे ग्रंथपाल बाई भेटायला आल्या, खाली बघत बराच वेळ बोलल्या. काकांनी मान डोलवली. मग एक दिवस वाचनालयाच्या फळ्यावर बघतात तर काय, काकूंची गोष्ट यंदा पत्रेवाले काका सांगणार! नाही म्हणावं तर कारण द्यावं लागणार. आणि गोष्ट सांगितली नाही, तर काकूंचं म्हणून जे एवढंसं उरलंय तेही जाणार.

शेवटी त्यांनी लेकीला बोलावून घेतलं.

"आईची ती गोष्ट मला सांग."

"बाबा, थट्टा करताय का? इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून?"

"मला ऐकू येत नाही गं. आत्ता काय म्हणालीस, तेही अंदाजानेच धरलं."

लेक उठून त्यांच्याजवळ आली. मग त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगू लागली. एक होती चिमणी. छपरावर होता वाऱ्याने फिरणारा पत्र्याचा कोंबडा. चिमणी त्याला अहो म्हणायची. पिल्लांचं, दाण्यापाण्याचं, दुखल्याखुपल्याचं, सगळं त्याला सांगायची. वारा आला की कोंबडा मान हलवायचा. चिमणी बोलून बोलून थकली. एक दिवस तिने विचारलं, "अहो, मी जाऊ का?" वारा आला. कोंबड्याने मान हलवली. चिमणी उडून गेली.

"इथे आई तुमच्याकडे बघायची," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते, तरी ती ओरडतच होती. "कानांचं तिला कुठे माहीत होतं, बाबा? तिला वाटायचं, तुमचं तिच्याकडे लक्षच नसतं."

हे मात्र काकांना शब्द न् शब्द ऐकू आलं. दवाखान्यातली दुपार आठवली. काय विचारलं असेल तिने? पाणी मागितलं असेल, की चिमणीसारखं, मी जाऊ का, हेच विचारलं असेल? आता कोण सांगणार?

महोत्सवाच्या दिवशी शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. कडेची खुर्ची कुणीतरी मुद्दाम रिकामी ठेवली होती. काकांनी गोष्ट सांगितली. आवाज पत्र्यासारखा, कधी उगाच मोठा, कधी पार बुडालेला, पण सांगितली. "अहो, मी जाऊ का?" इथे येऊन ते थांबले आणि त्यांनी मान ताठ धरली.

"वारा आला," ते म्हणाले, "पण कोंबड्याने मान हलवली नाही. तो म्हणाला, जाऊ नकोस."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. काका विसरले वाटतं! गोष्ट तर सगळ्यांना पाठ. पुढच्या एका मुलीने त्यांना आठवण करून द्यायला मान डोलवली. मग तिच्या शेजारणीने, मग मागच्या रांगेने. बघता बघता सगळी पोरं हसत हसत मान डोलवू लागली. काकांना हसणं काही ऐकू आलं नाही. त्यांना नुसत्या माना दिसत होत्या, भिंतीपर्यंत, सगळ्या चिमणीला जा म्हणणाऱ्या.